वामननानांनी घातलेली बंदी

वामननाना फार चांगले होते असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या शिटीवर एक सामना तरी खेळून बघायला हवा होता. चांगला माणूस चुकल्यामाकल्याकडे काणाडोळा करतो. नानांना काणाडोळा करताच येत नव्हता. ते सरळ होते, इतके सरळ की त्यांच्या शेजारी उभं राहिलं की आपल्यालाच आपण वाकडे वाटायचो.

जळगावच्या कोर्टात ते कारकून होते. राहायला पिंप्राळ्याला. तेव्हा पिंप्राळा गावाबाहेरचं खेडं होतं, तिथून ते रोज चालत यायचे. उंच, वाळकुडे, बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या खिशात फुटबॉलची शिटी. शिटी कोर्टातही बरोबर असायची. साक्षीदार आडवंतिडवं बोलायला लागला की नानांचा हात खिशाकडे जातो, अशी वकील लोक चेष्टा करायचे. नाना हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "जातो खरा."

ही गोष्ट दुसरी लढाई पेटायच्या आधीच्या सात-आठ वर्षांतली. आमच्याकडे तेव्हा फुटबॉलचं वेड आलं होतं. सहा संघांची लीग होती. त्यातला एक धुळ्याहून यायचा; त्याचे सुरुवातीचे सामने धुळ्यातच, तिथल्याच पंचाच्या शिटीवर व्हायचे. आणि सगळ्यांत दांडगा संघ एका जिनचा. सरकीपासून कापूस सोडवायच्या कारखान्याला आम्ही जिन म्हणतो. जिन चालते दिवाळीनंतर; पावसाळ्यात ती बंद आणि मजूर आपापल्या गावी. पण ह्या जिनचे शेटजी खेळाचे शौकीन. त्यांनी अकरा जणांना पावसाळ्यातही पगारावर ठेवलं होतं, आणि त्यांना काम एकच, खेळायचं. बाकीचे संघ हौसेचे, हा पोटाचा. मैदान शेटजींचं, जिंकणाऱ्याला मिळणारी चांदीची ढालही शेटजींचीच.

शिस्तीचं बघायला तिघांचं पंचमंडळ होतं. नाना चिटणीस. दुसरे युसूफभाई, खोगीर-लगाम शिवायचा त्यांचा धंदा, लीगचे चेंडूही तेच शिवायचे. तिसरा मी. माझा छोटासा छापखाना होता, लीगची हँडबिलं आणि नियमांचं पुस्तक मी छापायचो, म्हणून मला घेतलेलं. फुटबॉलमधलं मला काय कळत होतं ते विचारू नका.

नाना कुणाला घाबरायचे नाहीत हे मात्र मान्य करायला हवं. मैदानाभोवती काथ्याची दोरी बांधलेली असायची, प्रेक्षकांनी दोरीच्या बाहेर. एकदा कुणी बडे अंमलदार सामना बघायला आले आणि त्यांच्या शिपायाने खुर्ची दोरीच्या आत मांडली. नानांनी सामना थांबवला, जवळ जाऊन नमस्कार केला आणि सांगितलं, "साहेब, दोरी सगळ्यांसाठी आहे." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.  शेवटी खुर्ची तीन हात मागे गेली आणि मगच शिटी वाजली.

दुसरा प्रसंग त्याहून अजब. उशिरा येणाऱ्या खेळाडूला त्या दिवशी खेळायचं नाही, असा नियम होता. एके रविवारी नानाच उशिरा आले. वाटेत पायात बाभळीचा काटा मोडला होता, लंगडत आले. दोन्ही संघ म्हणाले, चालतंय नाना, करा सुरू. नानांनी शिटी दुसऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः दोरीच्या बाहेर जाऊन उभे राहिले. पाय सुजलेला, उघडिपीचं ऊन चटका देणारं, पण सामना संपेपर्यंत बसले नाहीत. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "काटा मला लागलाय, नियमाला नाही." मी त्यावर महिनाभर हसत होतो. घरी बायकोला नक्कल करून दाखवायचो.

मग त्यांनी चिठ्ठीचा नियम काढला. एका हंगामात एका खेळाडूने एकाच संघाकडून खेळायचं, आणि तसं चिठ्ठीवर लिहून खाली सही किंवा अंगठा करायचा. मसुदा त्यांनीच केला, अगदी कोर्टातल्या प्रतिज्ञापत्राच्या वळणाचा. "वरील मजकूर खोटा निघाल्यास सर्व जबाबदारी माझी राहील." माझ्या छापखान्यात बसून त्यांनी जुळवलेल्या अक्षरांचा एकेक खिळा तपासला. मी सहज विचारलं, संघाच्या मॅनेजरने सही कुठे करायची? नाना हसले. ते क्वचित हसायचे म्हणून लक्षात आहे. म्हणाले, "संस्थेला अंगठा कुठे असतो? आज हा मॅनेजर, उद्या तो. खेळाडू मात्र एकच." मला पटलं. कोर्टातला माणूस सांगतोय म्हणजे बरोबरच असणार.

त्या हंगामात सुपडू आला. धुळ्याकडच्या नरडाण्याचा, शेतकऱ्याचा पोरगा, बावीस-तेवीस वर्षांचा. डाव्या अंगाने अनवाणी धावायचा. चेंडू पायाला चिकटलेला आणि तोंडाने चकार शब्द नाही. शेंगा विकणाऱ्या बायका पाटी खाली ठेवून त्याचा खेळ बघायच्या. आम्ही त्याला जिनचा रामा म्हणून ओळखत होतो, कारण जिनच्या चिठ्ठीवर ते नाव होतं.

शेवटचा सामना जिन आणि धुळ्याचा. रामाने एकच गोल केला आणि ढाल जिनला मिळाली. हाफटाइमलाच धुळ्याची माणसं नानांकडे धावत आली होती, की हा रामा नव्हे, हा सुपडू, हंगामाच्या सुरुवातीला धुळ्यात आमच्याकडून दोन सामने खेळलाय. नानांनी सांगितलं, तक्रार लेखी द्या, सामन्यानंतर.

चौकशी माझ्या छापखान्यात झाली, रविवारी दुपारी. नानांनी धुळ्याची चिठ्ठी आणि जिनची चिठ्ठी शेजारी ठेवली आणि भिंग लावलं. अंगठ्यावर विळ्याने कापल्याची तिरपी खूण होती. दोन्ही चिठ्ठ्यांवर तीच. नानांचा चेहरा खुलला. तो खुललेला चेहरा मला अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटत नाही.

जिनचे मॅनेजर त्रिंबकराव अत्तर लावून आले होते. शांतपणे म्हणाले, आम्ही चिठ्ठीवर विश्वास ठेवला, फसलो ते आम्ही. सुपडू भिंतीशी उभा होता. हा अंगठा तुझाच का, असं नानांनी विचारल्यावर तो बोलला, "आंगठा मनाच शे, नाना. पन नाव त्यासनी लिखं. माले वाचता येत नही."

नाना म्हणाले, "मैदानात तुला रामा म्हणून हाक मारत होते, तेव्हा कळलं नाही?"

सुपडूने खोटं बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "समजनं. पन मॅनेजर बोलनात, नोकरी त्याच नाववर शे."

मॅनेजर सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, असं त्याला वाटलं. नानांच्या मसुद्याबद्दल मलाही तेच वाटलं होतं, पण मला त्यासाठी कुणी भिंतीशी उभं केलं नाही.

सुपडूला बाहेर पाठवून आम्ही तिघे बसलो. युसूफभाई तापले होते. त्यांचं म्हणणं, पोराला एक हंगाम बाहेर ठेवा, पण ढाल काढून घ्या आणि जिनलाही वर्षभर बाहेर बसवा. पोराने हे आपल्या डोक्याने केलेलं नाही. नाना म्हणाले, संघाला बाहेर काढलं तर दहा निर्दोष खेळाडू बाहेर जातात, त्यांची पावसाळ्यातली भाकरी जाते. त्यांनी काय केलंय? आणि चिठ्ठीवर संघाची सहीच नाही, मग धरायचं कुणाला? हे सगळं नाना मनापासून बोलत होते. शेटजींची भीड त्यांच्या बोलण्यात कणभर नव्हती. भीड होती ती माझ्या बोलण्यात. जिनचं वर्षभराचं छपाईचं काम माझ्याकडे होतं. खोटं कशाला बोलू? मी नानांच्या बाजूने हात वर केला. युसूफभाई उठून गेले, जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या रविवारी नानांनी मैदानात खोक्यावर उभं राहून निकाल मोठ्याने वाचला. कोर्टाचा हुकूम चार लोकांत वाचल्याशिवाय पुरा होत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. सुपडूला आजन्म बंदी, दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. जिनच्या संघाला सक्त ताकीद. ताकीद म्हणजे एक कागद. तो मीच छापला. ढाल शेटजींच्या दिवाणखान्यात गेली आणि सुपडूची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. खेळता येत नाही तो जिनला काय कामाचा?

पुढच्या श्रावणात लीग सुरू झाली, आणि पहिल्याच सामन्याला सुपडू दोरीबाहेर उभा. डाव्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी, हातांचे अंगठे दोरीला टेकवून. बाजारात हमाली करत होता म्हणे. ओरडणं नाही, कुणाशी बोलणं नाही, गोल झाला तरी हलायचा नाही. सामना संपला की निघून जायचा. पुढच्या सामन्याला पुन्हा तिथेच. नियम तो तंतोतंत पाळत होता, त्याला काय म्हणणार?

दोन हंगाम हे चाललं. नाना त्या कोपऱ्याकडे जाईनासे झाले. तिथून चेंडू मारायचा असला की मैदानाच्या मध्यावरून बघायचे. एकदा त्या कोपऱ्यात ढळढळीत धक्काबुक्की झाली आणि नानांनी तोंड फिरवलं. नानांनी! लोक म्हणाले, म्हाताऱ्याची नजर गेली. मला ठाऊक होतं काय झालंय, पण विचारायची छाती नव्हती.

तिसऱ्या हंगामात सुपडू आला नाही. मला हायसं वाटलं, उगाच का लपवू? वाटलं, सुटलो. पण नाना सुटले नव्हते. एका सामन्यात ते खेळ चालू असताना माझ्याजवळ आले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "तो बघा, आलाय." मी बघितलं. झेंड्यापाशी कुणी नव्हतं. ओलं गवत आणि एक शेळी. मी म्हटलं, नाना, तिथे कुणी नाही. ते म्हणाले, "बरं." पण हात सोडला नाही. चेंडू केव्हाच बाहेर गेला होता, पोरं शिटीची वाट बघत उभी होती आणि शिटी वाजत नव्हती. 

त्या दिवशी परत जाताना ते पहिल्यांदा मोकळे झाले. म्हणाले, "आपण दहा जणांची काळजी केली आणि एकाला संपवलं. आणि ज्याने हे करवलं तो त्या अकरांत नव्हताच. मी चिठ्ठीत त्याला जागाच ठेवली नव्हती." मी म्हटलं, झालं गेलं, नाना. ते थबकले. म्हणाले, "त्याचं कुठे झालं? त्याचं आजन्म आहे."

जाहीर झालेला निकाल पंचमंडळाला फिरवता येत नव्हता, म्हणून तेव्हापासून दर वर्षी संघांच्या सभेत नाना एकच ठराव मांडायचे. चिठ्ठीवर आधी मॅनेजरची सही, लबाडी निघाली तर संघाला खेळाडूपेक्षा जास्त शिक्षा, आणि सुपडूची बंदी रद्द. आता, सभेत मतं कुणाची? संघांच्या मॅनेजरांची. आपल्याच मानेवर कोण सुरी ठेवून घेतो? प्रत्येकाच्या चिठ्ठ्यांत एखाददुसरा रामा होताच. ठराव पडायचा, नाना कागद घडी करून खिशात ठेवायचे, पुढच्या वर्षी तोच कागद काढायचे. पुढे पुढे लोक हसायला लागले. त्रिंबकराव तर म्हणायचे, नानांचं श्राद्ध आलं. मी हसत नव्हतो, पण हातही वर करत नव्हतो.

लढाई लागली, लीग बंद पडली. जिन दुसऱ्या कुणी घेतली, त्रिंबकराव गाव सोडून गेले. लढाई संपल्यावर नव्या पोरांनी लीग पुन्हा उभी केली तेव्हा नाना पेन्शनीत होते, काठी टेकत होते. तरी सभेला गेले, तोच ठराव घेऊन. कागद घडीवर फाटला होता. नव्या पोरांनी ऐकला आणि एका दमात मंजूर केला. त्यांना त्यात वादाचं काही दिसलंच नाही. संघाला शिक्षा करायचा नियम अखेर झाला, आणि ज्या संघाला ती करायची तो संघ कधीच विरून गेला होता. उरली सुपडूची बंदी, ती उठली.

ते पत्र मी स्वतः जुळवलं, जाड कागदावर छापलं. नानांना ते टपालाने पाठवायचं नव्हतं. आम्ही दोघे नरडाण्याला निघालो. निघायच्या आधी युसूफभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हातात द्या आणि या." मी मान डोलावली आणि विसरलो.

नरडाण्याच्या स्टेशनवर उतरून गावात गेलो. पारावर सात-आठ म्हातारी माणसं बसली होती. सुपडूचं घर विचारलं तर एक आबा कौतुकाने सांगायला लागले की सुपडूकडे आलात म्हणजे योग्य माणसाकडे आलात. गावात तंटा झाला की दोन्ही बाजू त्याच्याकडे जातात. तो खोटं बोलत नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. कुणीतरी त्याला शेतातून बोलावून आणलं.

सुपडू आला. कानशिलं पांढरी झाली होती. नानांना बघून जागच्या जागी उभा राहिला, मग पुढे येऊन पाया पडला.  मला वाटलं, आता पत्र देतील. पण त्यांनी चष्मा लावला. मला त्यांच्या मनातलं स्वच्छ दिसत होतं. ज्याची बेअब्रू चार लोकांत वाचली, त्याची सुटकाही चार लोकांतच वाचायला हवी, नाही तर ती पुरी झाली असं कसं म्हणायचं? न्यायाचीच गोष्ट होती. मी अडवलं नाही. युसूफभाईंचं बोलणं मला आठवलं तेव्हा नानांचं वाचणं सुरू झालं होतं.

कोर्टात वाचतात तशा खड्या आवाजात नानांनी वाचलं. खोट्या नावाने खेळल्याबद्दल, चिठ्ठीवर खोटा अंगठा केल्याबद्दल, घातलेली आजन्म बंदी, आजच्या तारखेपासून रद्द करण्यात येत आहे. वाचून झाल्यावर त्यांनी कागद पुढे केला. डोळे भरले होते त्यांचे.

 मघाचे ते आबा सुपडूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सुपडू, हाई काय शे?"

सुपडूने कागद घेतला. उलटा की सुलटा ते बघितलं नाही. नानांशीच बोलला, अगदी हळू. "आठे कोन्हलेच माहीत नव्हतं, नाना. बठ्ठासले सांगेल शे, पाय दुखस म्हनीसन खेळ सोडा."

पाय दुखतो म्हणून खेळ सोडला, असंच त्याने सगळ्या गावाला सांगितलं होतं. एवढंच बोलला. राग नाही, काही नाही. राग केला असता तर बरं झालं असतं. आबा उठून चालते झाले, त्यांच्यामागे आणखी दोघे. सुपडूने आम्हांला घरी नेलं, जेवायला वाढलं, पानात तूपही वाढलं. नानांनी घास उचलला आणि खाली ठेवला. सुपडूची बायको दाराआडून त्याच्याकडे बघत होती, आणि तो पानाकडे.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनवर नाना बाकावर बसले, काठी गुडघ्यांवर आडवी. मी काहीबाही बोलत होतो, की लोक विसरतील, की चार दिवसांची गोष्ट आहे. ते ऐकत नव्हते. गाडी आली. मी चढलो, हात पुढे केला. ते म्हणाले, "तुम्ही जा. मला गावाला सांगायचंय, चूक कुणाची ते." कसं सांगणार, कुणाकुणाला सांगणार, विचारेपर्यंत ते वळले होते.

त्यानंतर नाना दोन दिवसांनी पिंप्राळ्याला परतले आणि अंथरुणाला लागले. भेटायला जायचो तेव्हा नरडाण्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. पाऊसकाळ संपायच्या आत ते गेले. माणसं म्हणतात, शेवटी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला तसं वाटत नाही.

मला ते दिसतात ते त्या गाडीतूनच. गाडी सुटायला वेळ लावत होती आणि डब्याच्या खिडकीतून गावाकडची वाट दिसत होती. नाना ऊन डोक्यावर घेऊन चालत होते. गावाच्या तोंडाशी जे पहिलं घर होतं, तिथे ते थांबले. कुणाचं घर, त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांनी वहाणा काढल्या आणि कडी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. गाडी हलली तेव्हा ते दोन्ही हात जोडून त्या बंद दारासमोर उभे होते, आणि दाराशीच बोलायला त्यांनी सुरुवात केली होती.